हजी चालशे

सुभानपुऱ्यात हायटेन्शन रोडवरून आतल्या गल्लीत वळलं की कडुलिंबाखाली एक पत्र्याची शेड लागते. पाटी नाही. बाहेर कायम दोन-तीन मारुती व्हॅन उभ्या असतात. त्यांतल्या एकीची पुढची सीट उचललेली असते आणि त्या पोकळीत मिस्त्री कोपरापर्यंत हात घालून बसलेले असतात. गेल्या तीस वर्षांत मी त्यांना एकच प्रश्न कितीदा विचारला असेल त्याची गणती नाही, आणि बहुतेक वेळा उत्तरही एकच मिळालं आहे. ‘हजी चालशे, बेन.’

अजून चालेल. वडोदऱ्याच्या मराठी घरांत हे गुजराती शब्द आता आमचेच झाले आहेत. चपलेचा अंगठा तुटला तरी आम्ही तेच म्हणतो, मिक्सर घरघरायला लागला तरी तेच. त्यात काटकसर आहे, वस्तूबद्दलचा आदर आहे, आणि कधीकधी निव्वळ डोळेझाकही आहे. हे पुस्तक जुन्या व्हॅनबद्दल आहे. पण लिहिता लिहिता माझ्या लक्षात येत गेलं की मी खरं तर या दोन शब्दांचीच छाननी करते आहे. तपासून म्हटलेलं ‘हजी चालशे’ वेगळं आणि न तपासता म्हटलेलं वेगळं. जुनी गाडी सांभाळणं आणि जुनी गाडी रेटणं यांत तेवढाच फरक आहे, आणि तो फार मोठा आहे.

आमची व्हॅन १९९४ च्या दसऱ्याची. दांडिया बाजारातलं घर सोडून आम्ही सुभानपुऱ्यात आलो त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. गोरवा, बाजवा, कोयली या अंगाला कारखाने वाढत गेले तशी आमच्यासारखी अनेक कुटुंबं जुन्या शहरातून इकडे सरकली. बाबांची नोकरीही त्याच बाजूची. देऊळ, भजनी मंडळ, आत्या-मामा मात्र सगळे तिकडेच राहिले. म्हणून गाडी हवी होती. मारुती ८०० घ्यायची की व्हॅन, यावर घरात पंधरा दिवस खल चालला आणि निकाल शेवटी आजीने दिला. ८०० मध्ये शिरताना तिला कमरेतून वाकावं लागे. व्हॅनचं सरकतं दार उघडलं की ती खुर्चीवर बसावं तशी बसे. बाकीचे गुण आम्हाला नंतर कळले. मागची सीट काढली की गणपतीची मूर्ती उभीच्या उभी आत जाई आणि शेजारी दोघे जण तिला धरून बसत. पेटी-तबला, लोणच्याच्या कैऱ्यांची पोती, चुलतबहिणीच्या लग्नाची भांडी, भावाची मोडलेली सायकल, आणि एका पहाटे आजीला दवाखान्यात नेताना तिच्यासाठी आडवी टाकलेली गादी. या सगळ्याला त्या गाडीने जागा दिली.

पंधरा वर्षांची नोंदणी २००९ मध्ये संपली. बाबा तेव्हा म्हणाले, देऊन टाकू. मिस्त्री म्हणाले, आधी बघू. त्यांनी अर्धा दिवस गाडीखाली काढला, कामांची यादी दिली, आणि मग म्हणाले, ‘हजी चालशे.’ तेव्हापासून दर पाच वर्षांनी आम्ही ती आरटीओला दाखवतो आणि पाच वर्षांची मुदत वाढवून आणतो. २००९, २०१४, २०१९, २०२४. एप्रिल २०२२ पासून खाजगी गाडीच्या या फेरनोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. शेवटच्या खेपेला आम्ही ती भरली आणि मला ती जड वाटली नाही. तीस वर्षांच्या गाडीकडे कोणीतरी पाच वर्षांतून एकदा नीट पाहावं, याची ती किंमत होती. पाहणारा खरोखर पाहत असला पाहिजे, एवढंच.

ही गाडी टिकली कशी, हे समजायला तिच्या पोटात डोकवावं लागतं. तिचा वंश जपानी. सुझुकीच्या ‘कॅरी’ मालिकेतल्या एसटी ९० या छोट्या व्हॅनवरून मारुती उद्योगाने १९८४ मध्ये ती भारतात आणली. ८०० रस्त्यावर येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. १९८८ मध्ये तिचं नाव ‘ओम्नी’ झालं, पण लोकांच्या तोंडी ती मारुती व्हॅनच राहिली. तिच्यातलं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि ८०० चं इंजिन एकच. तिच्या दीर्घायुष्याचं पहिलं कारण हेच आहे. देशात लाखो गाड्यांत जे इंजिन धडधडत होतं, त्याची रिंग, पिस्टन, गॅस्केट, वॉटर पंप कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळत होतं, आणि ते उघडून बसवणारे हातही. दुसरं कारण असं, की २०१९ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत तिचा मूळ आराखडा फारसा बदललाच नाही. कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, तोंडवळा दोन-तीनदा बदलला, पण मागचे पाटे, प्रोपेलर शाफ्ट, सरकतं दार, सीटखालचं इंजिन हे सगळं पस्तीस वर्षं जागच्या जागी राहिलं. त्यामुळे एका पिढीच्या मिस्त्रीने पोराला शिकवलेलं वाया गेलं नाही.

तिसरं कारण तिच्या साधेपणात आहे. क्लचला केबल, ठिणगीला डिस्ट्रिब्युटर आणि पॉइंट, पॉवर स्टिअरिंग नाही, मागच्या काचा हाताने सरकवायच्या. प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो, आणि बंद पडण्याआधी आवाजाने किंवा वासाने कळवतो. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजला की गिअर टाकताना खालून ‘टक’ येते. पाट्यांचे बुश गेले की खड्ड्यात मागून कुरकुर येते. ज्याला ही भाषा कळते त्याच्यासाठी जुनी व्हॅन अचानक कधीच मोडत नाही.

इंजिन सीटखाली असल्यामुळे वडोदऱ्याच्या मे महिन्यात चालवणाऱ्याचं बूड भाजतं, ही या गाडीबद्दलची सगळ्यांत जुनी तक्रार. मी त्या उष्णतेला इशारा मानायला शिकले. रेडिएटर पुढे, इंजिन मध्ये, त्यामुळे पाण्याला नेहमीपेक्षा लांबचा फेरा पडतो. नळीची एक क्लिप सैल झाली की पाणी हळूहळू कमी होतं आणि त्याचा पत्ता सुईच्या आधी सीटला लागतो. या इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं. एकदा कडक तापलं की ते वाकतं, गॅस्केट जातं, आणि मग जे काम क्लिप आवळून भागलं असतं ते हाफ इंजिनपर्यंत पोचतं. मी पाहिलेल्या मेलेल्या व्हॅनपैकी बऱ्याचशा म्हातारपणाने मेलेल्या नाहीत. त्या एका दुपारी तहानेने मेल्या.

तरीही जुन्या व्हॅनचा खरा शत्रू इंजिनात बसत नाही. तो पत्र्यात असतो. इंजिन बोअर करता येतं, बदलताही येतं. सडलेल्या पत्र्याला बदली नसते. गाडीची हाडं आणि कातडी एकच असल्यामुळे जिथे गंज शिरला तिथे गाडीचा जोरच कमी होतो. तो शिरतो कुठून हे सांगण्यासाठी मी या पुस्तकातलं सगळ्यांत लांब प्रकरण खर्ची घातलं आहे. सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीत माती साचते आणि पावसात ती महिनाभर ओली राहते. रबरी मॅटखाली सांडलेलं पाणी कोणी पुसत नाही. मागच्या चाकांच्या कमानीत आतून चिखल उडतो. छताच्या पन्हाळीतला सांधा फुटला की पाणी खांबातून खाली उतरतं आणि पाच वर्षांनी थेट पायाशी दिसतं. पुढच्या काचेच्या रबराखाली काय चाललं आहे हे तर रबर काढल्याशिवाय कळतच नाही.

हे मी पैसे घालवून शिकले. भावासाठी आम्ही एका विक्रेत्याकडून दुसरी व्हॅन घेतली होती. दिसायला आमच्या व्हॅनपेक्षा कितीतरी देखणी. नवा रंग, नवी मॅट, नवी सीट कव्हरं. मिस्त्रींना दाखवायला वेळ नव्हता, कारण ‘दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय’ असं आम्हाला सांगितलं गेलं. पहिल्याच पावसात पाय ओले झाले. मॅट उचलली तर खाली डब्याचा पत्रा ठोकून वरून लांबी फासलेली. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरची मूठ दारापासून मागच्या चाकापर्यंत वाजवत नेली, आणि जिथे जिथे टणटण जाऊन थपथप आली तिथे खडूने खूण केली. एका बाजूला अकरा खुणा झाल्या. त्या दिवसापासून माझ्या पर्समध्ये एक छोटं लोहचुंबक असतं. पत्र्याला ते चिकटतं, लांबीला चिकटत नाही. जुनी व्हॅन घ्यायला निघालेल्या माणसाला मी पहिली गोष्ट कुठली सांगत असेन तर ही, की रंगाकडे पाहू नका, रंगाखाली ऐका.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा या विषयाला आणखी एक बाजू मिळाली. पाणी ओसरल्यावर आठवडाभर शेडीबाहेर रांग होती. ज्यांच्या नव्या गाड्यांत संगणकाचे डबे आणि तारांचे जुडगे भिजले, त्यांतल्या काहींना दुरुस्तीपेक्षा गाडी सोडून देणंच स्वस्त पडलं. जुन्या कार्ब्युरेटरच्या व्हॅनचं तेल उपसलं, प्लग काढून सिलिंडर कोरडे केले, डिस्ट्रिब्युटर उन्हात ठेवला, आणि बऱ्याच जणी चौथ्या दिवशी घरी गेल्या. लोक तेव्हा खूश झाले. मिस्त्री झाले नव्हते. इंजिन सुरू झालं म्हणजे गाडी वाचली असं नव्हे, असं ते प्रत्येकाला सांगत होते; पोकळ पट्ट्यांत शिरलेला गाळ धुऊन काढा, ब्रेकचे ड्रम उघडा, नाहीतर दोन वर्षांनी याच पुराचं बिल येईल. किती जणांनी ऐकलं हे येत्या पावसाळ्यांत कळेल.

आता किमतीबद्दल. जुन्या व्हॅनची किंमत सांगणारी तीन घड्याळं आपल्याकडे आहेत आणि त्यांतलं एकही गाडीकडे पाहून चालत नाही. पहिलं विम्याचं. नव्या गाडीच्या किमतीतून सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के वजा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५०. तिथे तक्ता संपतो. पुढची किंमत मालकाने आणि विमा कंपनीने आपसांत ठरवायची. म्हणजे आमच्या व्हॅनच्या आयुष्यातली पंचवीस वर्षं तक्त्याच्या बाहेरची आहेत. दुसरं घड्याळ प्राप्तिकराच्या हिशोबाचं. धंद्यातल्या मोटारीचा घसारा वर्षाला १५ टक्के, तोही उरलेल्या किमतीवर. त्या वाटेने शंभर रुपयांचे पंधरा वर्षांनी पावणेनऊ रुपये उरतात, आणि शून्य कधीच होत नाही. तिसरं घड्याळ आरटीओचं, पंधरा वर्षांचं. लोकांच्या मनात हे तिसरं इतकं घट्ट बसलं आहे, की पंधरा वर्षं भरली म्हणजे गाडी भंगारात द्यावीच लागते असं अनेक जण आजही मानतात. दिल्ली परिसराचे नियम निराळे. तिथे दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल यांच्यावर न्यायालयांची बंदी आली. गुजरातेत खाजगी गाडीला वयाची अशी भिंत नाही. १३ ऑगस्ट २०२१ रोजी गांधीनगरच्या परिषदेत जे भंगार धोरण जाहीर झालं, त्याचाही रोख खाजगी गाडीच्या बाबतीत वयापेक्षा तपासणीवर आहे. मला ते तत्त्व पटतं. वय कागदावर असतं, गंज गाडीत असतो.

मिस्त्रींचं घड्याळ चौथं. कोणी जुनी व्हॅन घेऊन किंमत विचारायला आला की ते उलट विचारतात, ‘शेना माटे जोईए छे?’ कशासाठी हवी आहे? या प्रश्नात मला जुन्या गाडीच्या मोलाचं सगळं शास्त्र दिसतं. आमच्या गल्लीतल्या एक बाई गोरव्याच्या कारखान्यांना जेवणाचे डबे पोचवतात. दिवसाला वीसेक किलोमीटर, कधीच पन्नासच्या वर वेग नाही, रात्री गाडी घरी. त्यांच्या हातात सतरा वर्षांची व्हॅन म्हणजे पुढच्या सहा-सात वर्षांचा धंदा आहे, आणि नव्या गाडीचा हप्ता त्यांच्या नफ्याएवढा झाला असता. तीच व्हॅन अहमदाबादच्या एक्स्प्रेसवेवर रोज जाणाऱ्या माणसाला फुकट मिळाली तरी महाग आहे. बाजारभाव दोघांना सारखाच सांगतो. गाडीत उरलेलं काम दोघांसाठी सारखं नसतं.

धुराचंही तसंच. एप्रिल १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. आमची व्हॅन त्याच्याही आधीची. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाडीशेजारी ती उभी केली तर धुराच्या बाबतीत तिची बाजू घेण्यासारखं काही नाही. आठवड्यातून दोनदा दांडिया बाजारात जाऊन येणाऱ्या गाडीसाठी नवा लोखंडी सांगाडा घडवणं मला उधळपट्टी वाटते. रोज दिवसभर गल्लीबोळांत फिरणाऱ्या गाडीबद्दल मी तसं म्हणू शकत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसच्या हिरवळीवर जुन्या मोटारींचा मोठा सोहळा झाला. संस्थानिकांच्या रोल्स रॉइस, बेंटली, चांदीसारखं चमकणारं क्रोम. मी दोन दिवस गेले आणि मन भरून पाहिलं. पण त्या गाड्यांचं टिकणं आणि व्हॅनचं टिकणं या दोन वेगळ्या जाती आहेत. तिथली गाडी टिकते कारण तिला कामाला लावत नाहीत. व्हॅन कामाला लावूनच टिकते. महिनाभर उभी राहिली की तिचे ब्रेक धरतात, बॅटरी उतरते, उंदीर तारा कुरतडतात. तिच्या मालकाजवळ हिरवळ नसते, रस्त्याकडेची जागा असते.

मराठी माणसाला व्हॅनचं हे कामकरी रूप नवं नाही. १९५८ मध्ये नवलमल फिरोदियांनी जर्मन टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो सुरू केली, पुढे आकुर्डीला कारखाना आला, आणि तिथून निघालेल्या ‘मॅटाडोर’ने आपल्या भाषेत एक सामान्यनाम घातलं. बिऱ्हाड हलवायचं तर ‘मॅटाडोर सांगा’, नाटकाचं सामान न्यायचं तर मॅटाडोर, वऱ्हाडाला मॅटाडोर. १९८० च्या दशकात तिला मर्सिडीझचं ओएम ६१६ हे चार सिलिंडरचं डिझेल इंजिन मिळालं. जर्मनीत हेच इंजिन टॅक्सीत वर्षानुवर्षं राबून नावाजलं होतं. आमचं बिऱ्हाड दांडिया बाजारातून सुभानपुऱ्यात आलं तेही मॅटाडोरमधूनच. तिच्या मागच्या फळीवर बसून मी देव्हारा मांडीवर धरला होता.

बाहेरच्या जगातही दीर्घायुषी व्हॅनची कहाणी अशीच आहे. फोक्सवागनची डबा-व्हॅन १९५० मध्ये जर्मनीत सुरू झाली आणि ब्राझीलमध्ये ‘कोंबी’ या नावाने थेट २०१३ पर्यंत बनत राहिली. सुझुकीच्या याच कुळातली ‘बोलान’ पाकिस्तानात लोकांच्या तोंडी ‘कॅरी डब्बा’ झाली आणि तिने तिथे चाळीसेक वर्षं काढली. कोंबीचा शेवट कसा झाला हे लक्षात घेण्याजोगं आहे. मागणी संपली नव्हती, इंजिन हरलं नव्हतं. एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे झाले आणि त्या जुन्या डब्यात ते बसवणं जमलं नाही. आपली ओम्नीही २०१९ मध्ये नव्या सुरक्षा-नियमांपाशीच थांबली.

टिकाऊपणाला दुसऱ्या बाजूनेही धोका असतो, आणि तो आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर दिसतो. हालोलच्या कारखान्यातून जनरल मोटर्सच्या गाड्या १९९६ पासून निघत होत्या. २०१७ मध्ये तो कारखाना बंद झाला, वर्ष संपता संपता कंपनीने देशातली विक्रीही थांबवली, आणि पुढे तिथे एमजीच्या गाड्या बनू लागल्या. जनरल मोटर्सची ‘तवेरा’ राकट गाडी; चालकांना आवडती. पण ज्या दिवशी शोरूमच्या पाट्या उतरल्या त्या दिवशी तिच्या पत्र्यात, इंजिनात काहीही बदल झाला नसताना तिची किंमत घसरली. गाडीचं आयुष्य तिच्या एकटीचं नसतं, ते सुट्या भागांच्या दुकानाशी आणि त्या भागांची नावं पाठ असलेल्या माणसाशी बांधलेलं असतं. आमची व्हॅन चालते कारण शहरात अजून तिचं दुकान आहे. ते दुकान किती वर्षं राहील, हा प्रश्न मी हल्ली इंजिनापेक्षा जास्त गांभीर्याने विचारते.

आता ‘वर्दी’बद्दल, ज्याच्यामुळे हे पुस्तक उशिरा पुरं झालं. गुजरातेत मुलांची शाळेत ने-आण करण्याच्या धंद्याला वर्दी म्हणतात. बाहेरच्या मराठी वाचकाला वर्दी म्हणजे गणवेश. आमच्याकडे ‘वर्दीवाले काका आले’ म्हटलं की मूल दप्तर उचलतं. वडोदऱ्यातल्या जुन्या व्हॅनचा फार मोठा वाटा या कामावर आहे. बहुतेक सीएनजीवर. गॅसवर इंजिनातलं तेल स्वच्छ राहतं, रिंगा कमी झिजतात. उलट व्हॉल्व्हच्या सीट खाल्ल्या जातात, आणि टाकीची तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. हे सगळं मी आधी कौतुकाने लिहून ठेवलं होतं. तीन लाख किलोमीटर झालेली वर्दीची व्हॅन मला पराक्रमासारखी वाटायची. जून २०२४ मध्ये राज्यभर शाळेच्या व्हॅन आणि रिक्षांची तपासणी सुरू झाली, वर्दीवाल्यांनी संप केला, आणि त्या आठवड्यात शेडीपाशी उभी राहून मी गाड्या नव्याने पाहिल्या. टाकीवर टाकलेली फळी. फळीवर बसणारी चार मुलं. मागच्या दाराची सैल कडी.

मग मी ते प्रकरण फाडलं. या व्हॅनमध्ये पुढे बसणाऱ्याचे गुडघे आणि समोरची भिंत यांच्यामध्ये एक पत्रा आणि एक बंपर, एवढंच आहे. पाय पुढच्या चाकाच्याही पुढे. टक्कर झेलून चुरगळायला नाकाड नाही. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत ओम्नीच्या धाकट्या बहिणीला, ईकोला, मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षेसाठी एकही तारा मिळाला नव्हता. इंजिन कितीही उत्तम असो, पत्रा कितीही निरोगी असो, रचनेतच जे नाही ते कोणताही मिस्त्री बसवू शकत नाही. म्हणून माझं मत मी इथे स्पष्ट लिहून ठेवते. जुनी व्हॅन डबे पोचवण्यासाठी, मांडववाल्यासाठी, विजेच्या कामासाठी, घरच्या गणपतीसाठी जरूर ठेवावी. दुसऱ्यांची मुलं घेऊन रोज शहर ओलांडण्यासाठी ठेवू नये. वर्दीवाल्यांची मिळकत किती तुटपुंजी असते हे मला ठाऊक आहे, त्यांतले कित्येक माझ्या ओळखीचे आहेत, आणि नवी गाडी घेण्याचा भार एकट्या त्यांच्यावर टाकणंही बरोबर नाही. फी देणाऱ्या आईबापांनी आणि शाळांनी त्यात वाटा उचलायला हवा. पण ‘हजी चालशे’ हे शब्द तिथे वापरता येणार नाहीत.

हे सगळं मराठीत का लिहिलं, असं मला विचारलं गेलं. मिस्त्री गुजराती, सुटे भाग इंग्रजी, वाचक कुठून आणणार? १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी याच शहरात कलाभवन सुरू केलं, आणि ते उभारणाऱ्या त्रिभुवनदास गज्जरांचा आग्रह होता की हुन्नराचं शिक्षण मातृभाषेतून द्यावं. गज्जरांच्या मनात सूत, रंग, रसायन होतं. पण भाषेबद्दलचं त्यांचं म्हणणं पाट्यांना आणि प्रोपेलर शाफ्टलाही लागू आहे. शब्द मी शेडीतलेच ठेवले आहेत. ‘पासिंग’, ‘लांबी’, ‘हाफ इंजिन’, ‘गाडी तेल खाते’ याला पुस्तकी प्रतिशब्द शोधत बसले नाही. ज्याच्या हातात पाना आहे त्याला समजलं पाहिजे.

मिस्त्रींना या पुस्तकावर आपलं नाव नको आहे, म्हणून ते घातलेलं नाही. पत्रेकाम करणारे त्यांचे धाकटे भाऊ, सुट्या भागांच्या दुकानातले काका, डबे पोचवणाऱ्या आमच्या शेजारीण, आणि ज्यांनी मला गाड्यांखाली सरपटू दिलं ते सगळे मालक यांची मी ऋणी आहे. बाबांनी १९९४ पासूनची बिलं चपलेच्या खोक्यात जपून ठेवली होती. ती नसती तर निम्मं पुस्तक झालं नसतं.

छपाईला देण्याआधी शेवटची दोन प्रकरणं मिस्त्रींना वाचून दाखवायला मी व्हॅन घेऊन शेडीवर गेले. त्यांनी ऐकता ऐकता सवयीने गाडीखाली डोकं घातलं. मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची लोखंडी नळी त्यांनी नखाने खरवडली. गळती नव्हती. पेडल घट्ट होतं. आरटीओचं पासिंग होऊन वर्षही झालं नव्हतं. नखाखाली पापुद्रा आला, तो त्यांनी मला बोटावर दाखवला.

‘ना बेन, आ नहीं चाले.’

गाडी तिथेच ठेवून मी चालत घरी आले.

सुभानपुरा, वडोदरा